प्लगइन्सना आपोआप अपडेट होऊ द्यावं का? (अकरा दिवस मुका राहिलेला फॉर्म)

अर्धविराम
नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं फिरलंय, म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे सहा वर्डप्रेस साइट्स आहेत (वर्डप्रेस म्हणजे साइट चालवणारी प्रणाली). स्वतःची एक, बाकीच्या 'तू कंप्युटरवालीच ना' असं म्हणत गळ्यात पडलेल्या. सगळ्या मिळून साठ-सत्तर प्लगइन्स, म्हणजे फॉर्म, गॅलरी अशा सोयी देणारे वरून जोडायचे तुकडे. पूर्वी दर रविवारी बसून एकेक हाताने अपडेट करायचे. मग कंटाळा आला आणि गेल्या वर्षी सरसकट 'आपोआप अपडेट' चालू करून टाकलं. वर्षभर काही झालं नाही, मीही विसरून गेले.

मंगळवारी एकीचा फोन. "हल्ली साइटवरून कोणी चौकशीच करत नाही गं." मी फॉर्म उघडला. दिसायला अगदी ठणठणीत. नाव, ईमेल, मजकूर भरला, 'पाठवा' दाबलं. बटणाशेजारचं गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. लाल अक्षरं नाहीत, सूचना नाही, काही नाही. फॉर्मच्या प्लगइनची तारीख पाहिली, तर अकरा दिवसांपूर्वी पहाटे ते आपोआप अपडेट झालेलं. अकरा दिवस लोक लिहीत होते आणि ते कुठेच पोचत नव्हतं.

तर प्रश्न असा: तुम्ही हे चालू ठेवता की बंद? काहींवर चालू, काहींवर बंद असेल, तर ठरवता कसं?

टाचणी
बंद. पुढचा प्रश्न?

कुंपणावरचा
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

रात्रपाळी
चालू. सगळीकडे, कायम.

टाचणी, एका ओळीत निकाल लावलात, पण मी सर्व्हरच्या बाजूने हे रोज बघतो. एखाद्या प्लगइनमधलं भोक बुजवणारं अपडेट येतं, तेव्हा भोक कुठे होतं हेही त्याच दिवशी जगजाहीर होतं. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली की कुठली ओळ बदलली ते कोणालाही दिसतं. त्यानंतर हल्ला करणारा एकेक साइट निवडत बसत नाही. त्याची स्क्रिप्ट सरळ सगळीकडे दार ठोठावत फिरते. तुमची साइट छोटी आहे, तिथे चोरण्यासारखं काही नाही, याचं त्या स्क्रिप्टला काही घेणंदेणं नसतं.

ऑक्टोबर २०१४ मधलं ड्रुपलचं (वर्डप्रेससारखीच साइट चालवणारी प्रणाली) प्रकरण आठवा. १५ तारखेला दुरुस्ती जाहीर झाली. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की घोषणेपासून ७ तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. ७ तास! घोषणा झाली तेव्हा तुम्ही झोपेत असाल, तर उठेपर्यंत खेळ खलास. रविवारी बसून अपडेट करणाऱ्याने काय करायचं?

टाचणी
रात्रपाळी, तुमचं उदाहरण मूळ प्रणालीचं आहे. विषय प्लगइन्सचा चाललाय. मूळ वर्डप्रेसची छोटी अपडेट्स तर ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून आपोआपच होतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यामागे मोठा गट आहे, चाचण्या आहेत. प्लगइनमागे बहुतेक वेळा एक माणूस असतो आणि तो शुक्रवारी संध्याकाळी 'छोटासाच बदल' करून मोकळा होतो.

आणि तो माणूस उद्या प्लगइन विकून टाकतो. डिस्प्ले विजेट्स हे प्लगइन आठवतंय? दोन लाखांच्या आसपास साइट्सवर होतं. २०१७ मध्ये मालक बदलला आणि नव्या मालकाने अपडेटमधूनच मागचं दार घुसवलं. लोकांच्या साइटवर स्पॅम मजकूर दिसायला लागला. डिरेक्टरीतून (प्लगइन्स जिथून येतात त्या वर्डप्रेसच्या यादीतून) काढलं, परत आलं, परत काढलं. त्यात मागे राहिलेला आळशी माणूस वाचला आणि शिस्तीत अपडेट करणारा फसला.

धांदरट
म्हणजे आळस ही सुरक्षा यंत्रणा आहे. घरच्यांना हा प्रतिसाद छापून देतो.

रात्रपाळी
एखादा आळशी एखाद वेळी वाचला, मान्य. पण सीटबेल्ट न लावल्यामुळे गाडीबाहेर फेकला गेला आणि वाचला, अशी माणसंही असतातच की.

जुनं खोड
बसल्या बसल्या एक आठवण.

हाताने केलं की सगळं सुरक्षित, या समजात मी बरीच वर्षं होतो. एकदा रात्री साडेअकराला चौदा अपडेट्स थांबलेली दिसली. चौदाही खुणा केल्या आणि 'अपडेट' दाबलं. सातव्यावर नेट गेलं. परत आलं तेव्हा साइटवर पांढऱ्या पानावर एकच ओळ, की देखभालीसाठी साइट थोडा वेळ बंद आहे, मिनिटाभराने या. मिनिट झालं. पाच झाली. माझ्या तळहाताला घाम. तेव्हा मला माहीत नव्हतं, की अपडेट सुरू असताना वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये 'मेंटेनन्स' नावाची, नावाआधी टिंब असलेली एक बारकी फाइल ठेवतं आणि काम झालं की पुसतं. मध्येच गाडी अडली की फाइल तशीच राहते. टिंबामुळे ती फाइल मॅनेजरमध्ये दिसतही नाही, लपलेल्या फाइल्स दाखवा म्हणावं लागतं. मी वीस ठिकाणी शोधत बसलो. मग बघतो तर साइट आपली आपण चालू! दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की त्या फाइलला वर्डप्रेसच जुमानत नाही, हे नंतर कळलं.

सातवं प्लगइन मात्र अर्धवटच राहिलं होतं. ते मला तीन आठवड्यांनी समजलं. तेव्हा ताई, मुकेपणा हा काही फक्त आपोआप अपडेटचा गुण नाही.

अर्धविराम
जुनं खोड, 'तळहाताला घाम' अगदी अगदी.

आडवाटे
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी संगीत ध्वनिमुद्रणात आहे आणि आमच्याकडेही प्लगइन्सच असतात: रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं), कॉम्प्रेसर, आवाजांचे संच. आमच्यात एक अलिखित नियम आहे, प्रकल्प चालू असताना कशालाही हात लावायचा नाही. कारण बिघाड झाला तर निदान कळतो. खरी भीती 'सुधारणे'ची. एका रिव्हर्बच्या नव्या आवृत्तीत त्यांनी आतलं गणित बदललं. तेच आकडे, त्याच खुंट्या, पण घुमाऱ्याची शेपटी जराशी जास्त उजळ वाजायला लागली. गाण्याचं मिश्रण महिन्यापूर्वी मंजूर झालं होतं. परत उघडलं तर ते तसं वाजेना आणि का वाजेना हे सांगता येईना. शेवटी जुना इन्स्टॉलर शोधून काढला. तेव्हापासून प्रत्येक प्लगइनचा इन्स्टॉलर आवृत्तीच्या आकड्यासकट वेगळ्या डिस्कवर ठेवतो.

साइटवाले असं का करत नाहीत?

रात्रपाळी
कारण तुमचा रिव्हर्ब इंटरनेटवर दार उघडून बसलेला नसतो. जुना रिव्हर्ब कोणी फोडायला येत नाही.

आडवाटे
हे पटलं. साइट म्हणजे रस्त्यावरचं घर.

बोरूबहाद्दर
ब्राउझरच्या एक्स्टेन्शनबद्दल कोणीच बोलत नाहीये. तिथे तर आपल्याला विचारतही नाहीत, क्रोम परस्पर अपडेट करतो. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' मी किती वर्षं वापरत होतो! वीस लाखांहून जास्त लोक वापरायचे. २०२० मध्ये ते विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून सगळ्यांकडचं बंद केलं. माझे झोपवून ठेवलेले शंभरेक टॅब त्याच्याबरोबर गेले. त्यातले अर्धे 'वाचायचंय' या सदरातले होते, म्हणजे खरं तर काहीच बिघडलं नाही.

उलट गोष्टही सांगतो. मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची जवळपास सगळी अ‍ॅड-ऑन्स एकदम बंद पडली. कोणी काही अपडेट केलेलं नव्हतं. सही तपासायच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, ते वेळेवर बदललं गेलं नव्हतं, इतकंच. तेव्हा 'हातच लावला नाही तर काही मोडत नाही' हेही खरं नाही.

टाचणी
बोरूबहाद्दर, पहिल्या परिच्छेदात माझ्या बाजूने आणि दुसऱ्यात विरुद्ध. माणूस एक, मतं दोन!

बोरूबहाद्दर
मी कुणाच्याच बाजूने नाही, मी टॅबच्या बाजूने आहे.

शून्यप्रहर
मी प्लगइन लिहिणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. काही गोष्टी स्पष्ट करतो.

एक तर 'फक्त सुरक्षेची अपडेट्स आपोआप घ्या आणि नव्या सोयींची हाताने' हा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण वर्डप्रेसच्या प्लगइन यादीत तसा वेगळा खटकाच नाही. प्लगइनला एकच खटका, चालू नाहीतर बंद. आवृत्तीच्या तीन आकड्यांपैकी शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, पहिला बदलला तर मोठा बदल, ही रीत चांगली आहे, पण पाळायची सक्ती नाही. मी स्वतः एकदा शेवटचाच आकडा वाढवून अख्खं सेटिंगचं पान बदललंय. तेव्हा तो किरकोळ बदल वाटला होता. (हलके घ्या.)

दुसरं, परत मागे फिरण्याबद्दल. जुलै २०२४ च्या वर्डप्रेस ६.६ पासून चांगली सोय आली आहे. चालू असलेलं प्लगइन आपोआप अपडेट झालं की वर्डप्रेस स्वतःच साइटचं मुख्य पान उघडून बघतं आणि पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) प्राणघातक चूक दिसली तर जुनी आवृत्ती परत बसवतं. पण ते काय बघतं हे नीट वाचा. पान कोसळलं का, एवढंच. अर्धविराम यांचा फॉर्म कोसळला नव्हता, चक्र फिरत होतं. ती बहुधा ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची गडबड असणार आणि ती या तपासणीला दिसणारच नाही. मुख्य पानावर फॉर्म नसेल तर मग बोलायलाच नको.

तिसरं म्हणजे डेटाबेस. फाइल्स मागे नेणं सोपं आहे. पण नव्या आवृत्तीने पहिल्याच फेरीत टेबलांची रचना बदलली असेल, तर जुन्या फाइल्स नव्या टेबलांपुढे उभ्या करून उपयोग नाही. म्हणून बॅकअप घेताना दोन्हींचा, एकाच वेळचा घ्यायचा. आणि तो एकदा तरी परत बसवून बघायचा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

अर्धविराम, ब्राउझरची कन्सोल (पानातल्या चुका दाखवणारी खिडकी) उघडून लाल ओळ काय म्हणते ते इथे टाकाल का?

मधलीसुट्टी
माझी अडचण उलटी आहे. सहा महिने सगळं 'चालू' करून बसलेय आणि काहीच अपडेट होत नाही!

शून्यप्रहर
मधलीसुट्टी, साइट गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवली आहे का? फोल्डरमध्ये गिटच्या खुणा दिसल्या की वर्डप्रेस आपोआप अपडेट करत नाही. हा कोड कोणीतरी दुसरीकडून सांभाळतंय, असं ते धरतं. नाहीतर मग साइटवर कोणी येतच नसेल.

मधलीसुट्टी
दुसरं वाक्य लागलं.

शून्यप्रहर
अहो, टोमणा नव्हता! वर्डप्रेसचं घड्याळ खरं घड्याळ नसतं. कोणी पान उघडलं की ते बघतं, कुठलं काम थकलंय का. अपडेटची फेरी दिवसातून दोनदा ठरलेली असते, पण दिवसभर कोणी फिरकलंच नाही तर ती होणार कशी? सर्व्हरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर पंधरा मिनिटांनी ढोसत राहायचं, हा उपाय.

मधलीसुट्टी
गिट निघालं. (आणि वाचकही नाहीत, पण तो वेगळा धागा.)

टाचणी
मुद्द्यावर येते. अपडेटची नळी कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहेच. १२ ऑक्टोबर २०२४ ला डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' प्लगइनच्या मोफत आवृत्तीची डिरेक्टरीतली जागा डिरेक्टरी चालवणाऱ्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने आपल्याकडे घेतली आणि तिथे 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' ठेवलं. ज्यांचं आपोआप चालू होतं, त्यांच्याकडे एका अपडेटमध्ये प्लगइनचं नाव आणि सांभाळणारे दोन्ही बदलले. डिसेंबरात न्यायालयाचा आदेश आल्यावर ते मूळ मालकांकडे परत गेलं. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. पण मी 'चालू' दाबलं तेव्हा ज्यांच्यावर विश्वास टाकला होता, तेच आज पलीकडे बसलेत का, हे मला कोणी विचारलं नाही.

रात्रपाळी
हा तुमचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. जून २०२४ मध्येही काही प्लगइन लेखकांचे पासवर्ड चोरून, त्यांच्या नावाने थेट डिरेक्टरीतच विषारी आवृत्त्या चढवल्या गेल्या होत्या. सोशल वॉरफेअर हे प्लगइन त्यातलंच. त्यानंतर लेखकांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं.

पण दुसरं पारडं बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी या चाळीस लाख साइट्सवरच्या प्लगइनमध्ये असं भोक निघालं, की दोन टप्प्यांचं लॉगिन चालू असेल तर पासवर्डशिवाय कोणाच्याही नावाने आत शिरता येत होतं, व्यवस्थापकाच्याही. प्रकरण इतकं गंभीर होतं की डिरेक्टरीकडूनच अपडेट सक्तीने ढकललं गेलं. तेव्हा साइट्स वाचल्या त्या आपोआपमुळेच.

आता माझं खरं धोरण सांगतो, कारण सुरुवातीला तावातावाने 'सगळीकडे' लिहून बसलो. ज्या प्लगइनवर पैशांचे व्यवहार किंवा नोंदणी चालते, ते मी आपोआपमधून काढतो. त्याची आधी साइटच्या प्रतीवर चाचणी, मग खऱ्या साइटवर. डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड टाइप करून वर्डप्रेस चालवायचं साधन) असेल तर 'ड्राय-रन' लावून काय काय बदलणार ते आधी बघता येतं, एखादं वगळताही येतं. बाकी गॅलरी, शेअरची बटणं, सजावट सगळं आपोआप. ते मोडलं तर मोडलं.

टाचणी
म्हणजे 'सगळीकडे, कायम' नाहीच.

रात्रपाळी
तुम्हीही 'बंद. पुढचा प्रश्न?' म्हणाला होतात आणि अजून इथेच आहात.

धांदरट
तुम्ही दोघं एकमेकांना प्रतिसाद द्यायचे आपोआप अपडेट करून घ्या.

अर्धविराम
आले, आले. शून्यप्रहर, तुम्ही सांगितलं तशी कन्सोल उघडली. तिथे लाल ओळ होतीच: अमुक नावाचं फंक्शन सापडत नाही. पण गंमत म्हणजे ती ओळ फॉर्मच्या प्लगइनची नाही! त्याला जोडलेलं, फाइल चिकटवायची सोय देणारं एक विकतचं जोडप्लगइन आहे, ते ओरडतंय. फॉर्म अपडेट झाला आणि त्याने एक जुनं फंक्शन काढून टाकलं. जोडप्लगइन मात्र दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवरच बसलंय, कारण त्याचा परवाना संपलाय आणि नूतनीकरण कोणी केलंच नाही. यादीत त्याच्या ओळीत 'आपोआप अपडेट'चा पर्यायच नाही, ती जागा कोरी आहे. मी वर्षापूर्वी 'सगळं निवडा' करून निघून गेले, ही कोरी जागा डोळ्यांत भरलीच नाही.

म्हणजे एकमेकांना बांधलेल्या दोघांपैकी एकालाच पळायला लावलं होतं मी.

थांबा, अजून आहे. आपोआप अपडेट झालं की वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या पत्त्यावर ईमेल पाठवतं, काय अपडेट झालं त्याच्या यादीसकट. मला ते कधीच आलं नाही. सेटिंगमध्ये बघते तर पत्ता माझ्याआधी ही साइट सांभाळणाऱ्याचा! त्याला फोन केला. म्हणाला, "हो हो, येतात ना, वर्षभर येतायत. मला वाटलं तुलाही येत असतील. मी फिल्टर लावून टाकलाय."

जुनं खोड
फिल्टर लावून टाकलाय! फ्रेम करून लावा.

शून्यप्रहर
कोऱ्या जागेवरून आठवलं. याच जातीचा आणखी एक मुका प्रकार आहे. एखादं प्लगइन डिरेक्टरीतून काढून टाकलं गेलं, तर तुमच्या साइटवर ते तसंच चालत राहतं आणि यादीत अपडेटची खूण येत नाही. म्हणजे ज्याला अपडेटची गरज नाही आणि ज्याला अपडेट आता कधीच येणार नाही, ते दोघं दिसायला सारखेच. तेव्हा सहा महिन्यांतून एकदा प्रत्येकाचं डिरेक्टरीतलं पान उघडून, शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. साठ-सत्तर म्हणालात ना? त्यातली वीस तरी नकोच असतील. जे प्लगइन नाहीच, त्याला अपडेटही लागत नाही.

अर्धविराम
काल रात्री बसून सतरा काढली. त्यात एक पडणाऱ्या बर्फाचं होतं. ते कोणी टाकलं, सहाही साइटवाल्यांना माहीत नाही.

मूळ प्रश्नापुरतं: चौकशी आणि नोंदणीचे फॉर्म असलेल्या दोन साइट्सवर त्या प्लगइनचं आपोआप बंद केलं, बाकी चालू. जोडप्लगइन नूतनीकरण न करता काढूनच टाकलं, दोन वर्षांत एकानेही फाइल चिकटवली नव्हती. सहाही ठिकाणी व्यवस्थापकाचा पत्ता बदलला. अकरा दिवसांतली पत्रं मात्र गेली ती गेलीच, ती कुठे साठतच नव्हती.

कुंपणावरचा
रुमाल उचलायला आलो तर सगळं बोलून झालंय. एकच भर घालतो. मी रोज सकाळी सातला स्क्रिप्टमधून, खरा ब्राउझर उघडून, माझाच फॉर्म भरतो. मजकूर असतो 'आज आहेस का?' ईमेल आलं तर वाचत नाही, सातवीसपर्यंत नाही आलं तर फोन वाजतो. चार वर्षांत तीनदा वाजला. दोनदा अपडेटमुळे, एकदा मेलबॉक्स भरला होता म्हणून. 'आज आहेस का?' यांनीच भरला होता.

टाचणी
आत्ता जाऊन बघितलं. माझ्याकडे २३ अपडेट्स थांबलीत, त्यातल्या एकावर चार महिन्यांपूर्वीची सुरक्षेची टीप आहे. बॅकअप लावलाय, फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा. रात्रपाळी, काहीही बोलू नका.

रात्रपाळी
(मुद्दाम कोरा प्रतिसाद)